भांड्यांवरचं नाव

वाशिमच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये माझं टेबल आहे. डावीकडे टायपिंगवाला, उजवीकडे आणखी एक नोटरी, आणि मधे मी, माझं लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर, गोल शिक्का आणि माझा स्वभाव. स्वभावाचं आधीच सांगून टाकते, कारण त्याची ख्याती शेडभर आहे. घाईतला माणूस माझ्याकडे येत नाही, तो सरळ उजवीकडच्या टेबलावर जातो. तिथं दोन मिनिटांत काम होतं. माझ्याकडे अर्धा तास मोडतो आणि वर बोलणी खावी लागतात.

नोटरीचं काम सांगायला सोपं आहे. शपथ घेणारा माणूस स्वतः समोर हवा. तो तोच आहे याची ओळख पटायला हवी. कागदात काय लिहिलंय ते त्याला त्याच्या भाषेत समजलंय की नाही हे बघायचं, त्याला शपथ द्यायची, त्यानं माझ्या डोळ्यांदेखत सही किंवा अंगठा करायचा, मग माझी सही, शिक्का, रजिस्टरात नोंद. कागदातला मजकूर खरा की खोटा, हे माझं काम नाही. ती जबाबदारी शपथ घेणाऱ्याची. कायदा असं म्हणतो आणि मीही बरीच वर्षं लोकांना हे तोऱ्यात ऐकवत आले.

पण आमच्याकडच्या माणसाला शपथ ही घरातल्या कुणीही घेऊन टाकावी अशी गोष्ट वाटते. एकदा एक जण धाकट्या भावाच्या नावाचा कागद घेऊन आला. भाऊ कुठाय, तर सोयाबीनच्या मळणीवर. मग शपथ कोण घेणार, असं मी विचारलं तर तो खरोखरच बुचकळ्यात पडला. "मी घेतो ना. तो अन मी काय येगळे हाओ?" मी त्याला हाकललं. भावाभावांत मीच भांडण लावते आहे, असा चेहरा करून तो गेला. काही जण हात कशावर ठेवू विचारतात. माझ्याकडे पोथी नाही. मग ते आपले रजिस्टरावर हात ठेवतात. पूर्वी मी म्हणायची, उचला तो हात. आता म्हणत नाही. ठेवू देत बिचारे.

या सगळ्यामुळे मला एक खोड लागली. टाईप केलेला कागद हातात आला की मी तो टेबलावर पालथा घालते आणि समोरच्याला म्हणते, आता यात काय लिहिलंय ते तुम्ही तुमच्या तोंडानं सांगा. निम्म्यांना सांगता येत नाही. ते टायपिंगवाल्याकडे बघतात, टायपिंगवाला आभाळाकडे बघतो. मग मी समजावून सांगते. शेडमधले लोक याला माझी तोंडी परीक्षा म्हणतात. म्हणोत. या खोडीचा मला फार अभिमान होता. दोन वर्षांपूर्वी एका बाईनं ती परीक्षा दिली, आणि तेव्हापासून परीक्षा नेमकी कुणाची होती, ते मला अजून कळलेलं नाही.

बाई साठीच्या होत्या. किन्हीराजाच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. बरोबर चाळिशीचा मुलगा, पुण्याला कंपनीत नोकरी, दोन दिवसांची रजा काढून आलेला. मुलाचं वाशिमला बँकेत काम होतं, म्हणून हेही काम इथंच उरकायचं ठरलं होतं. बाईंचा नवरा पोळ्याच्या आसपास गेला होता. पाच एकर जमीन त्याच्या नावावर. त्यावर वारसांची नावं चढवायची, तर तलाठ्याकडे अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागतं. कागद साधा होता. मयताला पत्नी आणि एक मुलगा, एवढेच वारस, आणि हे सांगणारी मी त्याची पत्नी अमुक अमुक. असे कागद मी आठवड्याला पाच-सहा करते.

मी तो पालथा घातला आणि म्हटलं, "काकू, काय लिवलं ह्याच्यात, सांगा बरं."

बाई पालथ्या कागदाकडे बघत राहिल्या. मुलगा म्हणाला, "सांग ना माय. बाबा गेले, आपुन दोघं वारस." मग त्यांनी मलाच विचारलं की कागदावर नाव कुणाचं घातलंय. मी कागद सुलटा केला आणि नाव वाचून दाखवलं. आधार कार्डावर तेच, रेशन कार्डावर तेच, बँकेच्या पासबुकावर तेच.

"थे माह्या बहिनीचं नाव हाय," बाई म्हणाल्या. "माहं नाई."

मला आधी वाटलं, कार्डांची अदलाबदल झाली. ऐकलंय असं. मी आधार कार्ड हातात घेतलं. फोटो त्यांचाच. मग मला वाटलं, दुःखानं डोकं ठिकाणावर नाही. तेही पाहिलंय. मुलाकडे बघितलं तर तो खाली मान घालून स्वतःच्या चपलेकडे बघत होता. म्हणजे काहीतरी होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. केनवडच्या बाजूला त्यांचं माहेर. दोन बहिणी, एक भाऊ. थोरली या घरात दिली, तिला मुलगा झाला आणि मुलगा दीड वर्षाचा असताना ती तापानं गेली. लेकराकडे कोण बघणार म्हणून धाकटीला, म्हणजे या बाईंना, त्याच घरात दिलं. इथवर काही नवीन नव्हतं, अशी घरं आमच्याकडे गावोगाव आहेत. लग्नात आपल्याकडे नवऱ्या मुलीचं नाव बदलतात. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात. यांच्या वेळी ताट पुढे आल्यावर सासूनं नवरदेवाला सांगितलं, तेच लिही. तेच म्हणजे थोरलीचं. कारण थोरलीच्या लग्नात आलेल्या सगळ्या भांड्यांवर, पिंपापासून पळीपर्यंत, ते नाव कोरलेलं होतं. सासूच्या तोंडात ते बसलं होतं. रेशन कार्डावरही होतं. भांडी तीच, मग नाव तरी कशाला दुसरं?

"भांड्यावर कोरेल होतं बाई, तेच मले चाललं," असं त्यांनी सांगितलं. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. लुगडं नेसताना थोरलीचं उतरलेलं मिळालं, असं सांगावं तितक्या सहज.

थोरलीचा मृत्यू कुठं नोंदवला गेला नव्हता. त्या काळी खेड्यात कोण जातं नोंदवायला. रेशन कार्डावरची बाई जिवंतच राहिली. पुढं त्याच कार्डावरून मतदार यादी झाली, यादीवरून बँक, बँकेवरून आधार. जन्माचं साल थोरलीचं, म्हणून या बाई कागदावर सहा वर्षांनी मोठ्या. मुलाच्या दाखल्यावर आईचं नाव थोरलीचं, म्हणजे जन्म दिलेलीचं, आणि ते वाढवणाऱ्या आईलाही लागू. एकूण एक कागद एकमेकांशी जुळत होता. इतके जुळणारे कागद माझ्या टेबलावर क्वचितच येतात. आणि ते सगळे एका मेलेल्या बाईचे होते.

गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, पण काळ्या दोऱ्यात चांदीचा एक लहानसा टाक होता. आधी माझं लक्ष गेलं नव्हतं. सवतीचा टाक. पहिली बायको गेली की दुसरीनं तिच्या नावानं गळ्यात घालायचा, म्हणजे पहिलीचा मान राहतो. बाईंनी तो पदराबाहेर काढून मला दाखवला. ओळखपत्र दाखवावं तसा.

"मंग तुमचं नाव काय?" मी विचारलं.

त्यांनी आधी आजूबाजूला बघितलं आणि मग खालच्या आवाजात सांगितलं. मुलानं मान वर केली. मला वाटतं, आईच्या तोंडून ते नाव त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आता मी काय करायचं होतं? ओळख पटवायची, हे माझं पहिलं काम. ओळख पटली होती की. चेहरा फोटोशी जुळत होता. समोर उभी असलेली बाई कागदावरचीच होती, आणि नव्हतीही. मजकूर खरा की खोटा हे माझं काम नाही, हे मी हजार वेळा सांगितलंय. पण शपथ घेणारीच जर शपथेआधी मला सांगतेय की यातला पहिला शब्द खोटा आहे, तर माझ्या कानांनी ऐकलंच नाही असं धरायचं का? माझं डोकं चालेना. मी चिडले. मला कळेनासं झालं की मी चिडते. मी टायपिंगवाल्यावर खेकसले की माहिती नीट विचारत जा. त्या बिचाऱ्याचा काडीचाही दोष नव्हता.

मुलगाही चिडला. "आधार हाय, फोटो हाय, माय समोर बसेल हाय. आनखी काय पायजे तुमाले?" मी म्हटलं, मला जरा विचार करू द्या. तो म्हणाला, विचार करा, आम्ही बाजूला जातो. आणि गेले ते उजवीकडच्या टेबलावर.

मी दुसऱ्या कुणाचा तरी कागद समोर ओढला आणि एका डोळ्यानं तिकडं बघत राहिले. माझ्या शेजाऱ्यानं आधार बघितलं, चेहरा बघितला, शाईचा पॅड उघडला. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं बाईंचा अंगठा धरायला हात पुढे केला आणि बाईंनी स्वतःचा हात पदरात लपवला. लहान पोर मागच्या बाजूला हात लपवतं तसा. मुलगा वाकून काहीतरी बोलला. त्यांनी मान हलवली. मग दोघं उठून बसस्टँडच्या रस्त्याला लागले. मुलगा चार पावलं पुढे, बाई मागे.

मी घरी गेले आणि वरण करपवलं. वकिली शिकवणाऱ्या माझ्या सीनियरना फोन केला. ते आता घरीच असतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, फोटो कुणाचा? तिचा. मग झालं, उगाच कशाला खोलात शिरतेस. पाच मिनिटांनी त्यांचाच फोन आला. म्हणाले, नाही, थांब, तू शिक्का मारू नको. आणखी थोड्या वेळानं पुन्हा फोन, की पण मग तिला वारस म्हणून कुणी लावणार कसं, याचा विचार केलास का? म्हणजे चाळीस वर्षं वकिली केलेला माणूसही माझ्याइतकाच गोंधळला होता. मला तेवढंच बरं वाटलं.

खरी मेख तीच होती. त्या बाई नवऱ्याची बायको आहेत हे सांगणारे सगळे कागद थोरलीच्या नावाचे. त्यांनी खरं सांगितलं, तर ते सगळे कागद थोरलीकडे जातात आणि थोरली तर नवऱ्याच्या कितीतरी आधी गेलेली. मग या कोण? लग्नाची नोंद नाही, पत्रिका नाही, फोटो नाही. खोटं सांगितलं तर पाच एकरांत त्यांचं नाव आठ दिवसांत लागतं. खरं सांगितलं तर ज्या घरात चाळीस वर्षं भाकरी थापली, त्या घराच्या त्या कुणीच नाहीत असं निघू शकतं. स्वतःचं मूलबाळ नाही. एक हा मुलगा, तोही थोरलीचा.

यात माझी स्वतःचीही एक भानगड होती, ती सांगायला हवी. माझंही नाव लग्नात बदललं. सनदेवर, शिक्क्यावर, टेबलाच्या पाटीवर सासरचं नाव आहे. माहेर अनसिंगचं. आई होती तोवर तिथं गेलं की अंगणातूनच जुन्या नावानं हाक यायची. आई गेल्यावर ते नाव घेणारं कुणी राहिलं नाही. भाऊ 'ताई' म्हणतो. मला याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी करपलेल्या वरणाचं भांडं घासताना मी ते नाव मनातल्या मनात म्हणून बघितलं, आणि मला ते कुण्या ओळखीच्या मुलीचं वाटलं. मी शपथेवर काय सांगितलं असतं?

चार-पाच दिवसांनी बाई एकट्याच आल्या. एसटीनं. मुलगा पुण्याला परतला होता, रागावून. त्या बाकावर बसल्या, पाणी प्याल्या, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "मले अडानी समजू नका. चवथी शिकेल हाव. सही येते मले. पन थे माह्या नावाची येते. तिच्या नावानं अंगठाच देल्ला आजलोक."

मी म्हटलं, काकू, नाव तर तुम्ही चाळीस वर्षं चालवलं. मतदान त्याच नावानं केलं, बँकेत अंगठा त्याच नावानं दिला. मग आजच काय झालं? मी हे त्यांना अडवायला विचारलं नव्हतं. मला खरंच समजत नव्हतं.

त्या म्हणाल्या, "तिच्या नावानं रोटी खाल्ली. तिचं लेकरू वाढोलं. कोनी इचारलं नाई, म्हून सांगतलं नाई. पन तुमी शपत घ्याले लावता. शपत घेऊन म्हनू काय, का थे मेलीच नाई?" आणि पुढं म्हणाल्या, "तिचं मरन कुठंच नाई लिहेल, बाई. एक तरी कागद असू द्या."

मी त्यांना धोका समजावून सांगितला. अगदी पायरी पायरीनं, दोनदा. खरं लिहिलं तर तलाठी विचारणार, पुरावा काय. ज्याच्या शब्दाला वजन आहे असा एकच माणूस आहे, तो म्हणजे तुमचा मुलगा, आणि तो जर म्हणाला की माझी आई मेलीय आणि ही बाई माझी कुणी नाही, तर सगळी जमीन त्याची. त्याला खोटंसुद्धा बोलावं लागणार नाही, नुसतं गप्प बसलं तरी पुरे. हे सांगताना मला स्वतःचाच राग आला. आई-मुलांत कोण बोलतं असं? पण ते माझं कामच होतं, की नव्हतं, कुणास ठाऊक.

बाई म्हणाल्या, "मंग त्यालेच इचारा."

मी फोन केला. मुलगा आधी उचलेना, मग उचलला आणि तोंडाला येईल ते बोलला. सगळं जुळलेलं आहे, मग उकरायचं कशाला? माय थकली आहे आणि तुम्ही तिच्या डोक्यात भरवता. मी म्हटलं, मी काही भरवत नाही, मलाच काही कळत नाहीये. हे ऐकून त्याचा आवाज खाली आला. वकिलाकडून असं ऐकायची सवय नसते कुणाला. शेवटी म्हणाला, येतो.

मधल्या दिवसांत मी कागद तयार केला. टायपिंगवाल्याला न देता स्वतः लिहिला. आयुष्यात इतका वेळ मी कुठल्या कागदाला दिला नाही. जन्माचं नाव अमुक, शाळेच्या दाखल्याप्रमाणे. थोरल्या बहिणीचं लग्न, तिचा मुलगा, तिचा मृत्यू. त्यानंतर माझं लग्न, लग्नात मला बहिणीचंच नाव दिलं गेलं, तेव्हापासून तिच्या कागदांवर मी वावरले, आधारवरचं जन्मसाल तिचं आहे, फोटो माझा आहे. केनवडकडच्या शाळेतून बाईंच्या भावानं दाखला आणून दिला. ग्रामपंचायतीतल्या दोन म्हाताऱ्यांनी लग्न पाहिल्याचं लिहून द्यायचं कबूल केलं, पण मुलाचं बघून मग, असंही म्हणाले. सगळं मुलावर येऊन थांबलं होतं.

मुलगा आला. पॅन्ट-शर्ट चुरगळलेला, रात्रभर प्रवास केलेला. प्रतिज्ञापत्राला एक ओळखदार लागतो, म्हणजे शपथ घेणाऱ्याला मी ओळखतो असं सांगून सही करणारा. मी त्याला समोर उभं केलं आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, या बाईंना तुम्ही ओळखता का?

"माय हाय माही," तो म्हणाला.

मी म्हटलं, कागदाप्रमाणे तुमची आई तुम्ही दीड वर्षाचे असताना वारली आहे. आधी कागद वाचा. आणि त्या दिवशी मी कागद पालथा घातला नाही. सुलटाच त्याच्या हातात दिला.

तो उभ्या उभ्या वाचत राहिला. एका ठिकाणी थांबला. मला ते ठिकाण माहीत होतं, कारण तिथं मी महिन्यासाठी जागा कोरी सोडली होती. बाईंना विचारायचं राहून गेलं होतं. त्यानं कागदावरून नजर न काढता विचारलं, "कोन्या महिन्यात गेली थे?"

चाळीस वर्षांत त्यानं हे विचारलं नव्हतं. बाई बाकाचा कठडा धरून उठल्या. "कपाशीचा पयला येचा चालू होता," त्या म्हणाल्या. "कार्तिक लागला होता. तू माह्या कडीवर होता. तिनं तुले घे म्हनलं, अन मंग बोललीच नाई."

मुलानं टेबलावरचं माझं पेन उचललं आणि कोऱ्या जागेत स्वतःच्या हातानं महिना लिहिला. असं करायचं नसतं. कागद शपथ घेणारीचा, त्यात दुसऱ्यानं लिहिलं तर शेजारी तिची सही घ्यावी लागते. तीही मी शेवटी घेतली. मग त्यानं ओळखदार म्हणून सही केली. नात्याच्या रकान्यात 'मुलगा' असं लिहिलं. वर आख्खा कागद सांगत होता की तो तिच्या पोटचा नाही, आणि खाली हे. वकील म्हणून मी तिथं 'सावत्र' घालायला सांगणं योग्य होतं की काय, मला आजही ठरवता येत नाही. मी तो रकाना तसाच ठेवला. त्यानंतर त्यानं स्वतःचं वेगळं प्रतिज्ञापत्रही दिलं, की ही माझ्या वडिलांची लग्नाची बायको आणि जमिनीत बरोबरीची वारस आहे.

बाईंनी विचारलं, हात कशावर ठेवू. मी सांगितलं, कशावर ठेवायची गरज नाही. त्यांनी गळ्यातला टाक मुठीत धरला आणि मी सांगितली तशी शपथ घेतली, स्वतःच्या नावानं. सही करायला त्यांना फार वेळ लागला. अक्षरं चौथीतल्या मुलीचीच होती, मोठी मोठी, रेघेवर बसवलेली. मी रजिस्टर पुढं ओढलं. रजिस्टरात नावाला एकच रकाना असतो. त्यात मी त्यांचं नाव लिहिलं, 'उर्फ' लिहिलं आणि पुढं बहिणीचं. उर्फ हा शब्द मी रोज लिहिते, त्या दिवशी तो मला अपुरा वाटला. पण दुसरा शब्द नव्हता.

जमिनीचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. तलाठ्यानं दोनदा परत पाठवलं, मंडळ अधिकाऱ्यानं पंचनामा केला, म्हाताऱ्यांनी शब्द पाळला, आणि पुढच्या पेरणीच्या सुमारास सातबाऱ्यावर मुलाबरोबर बाईंचं नाव लागलं. आधार कार्डाचं अजून चालूच आहे.

पण मला राहून राहून आठवतं ते शपथेच्या दिवशीचं, सही झाल्यानंतरचं. नोटरीची तिकिटं चिकटवायची, शिक्के मारायचे, प्रती काढायच्या, म्हणून मी दोघांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं होतं. मुलगा चहा आणायला गेला. शेडमध्ये गर्दी होती. कागद तयार झाल्यावर मी नेहमीसारखी टेबलावरूनच हाक मारली, बाईंच्या नावानं. त्यांच्या स्वतःच्या. कुणी उठलं नाही. मी पुन्हा मारली, जरा मोठ्यानं, जरा वैतागून. बाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग मागे वळून, उजवीकडे, डावीकडे, ते नाव कुणाचं आहे, कोण उठतंय, ते बघायला लागल्या.

मी तिसऱ्यांदा हाक मारली आणि हात केला.

"मलेच बलावून राह्यल्या काय?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हो, तुम्हालाच.

त्या उठल्या नाहीत. पदर नीट केला, ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "अजून एक डाव म्हना बरं."

मी ते नाव आणखी एकदा घेतलं. मग त्या 'ओ' देऊन उठल्या आणि कागद घ्यायला आल्या.